जॉबकार्डावरची ओळ

परवा मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये डब्यांच्या शेजारी एक ब्रोशर उघडलं गेलं. आमच्यातल्या एका बाईंना गाडी घ्यायची आहे. गेली नऊ वर्षं त्या नाशिकरोडहून ओझरला बस आणि रिक्षा करत येतात. साडेसातची शाळा गाठायची तर पहाटे साडेपाचला घर सोडावं लागतं. आता मुलाचं शिक्षण संपलं, चार पैसे शिल्लक पडायला लागले आहेत. ब्रोशरच्या शेवटच्या पानावर नेहमीचा तक्ता होता. वर व्हेरिएंटची नावं, डावीकडे साठ-सत्तर ओळी, आणि प्रत्येक चौकटीत एकतर ठिपका नाहीतर आडवी रेघ. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, तुम्ही तीन वर्षं चालवताय. सांगा, यातलं कुठलं घेऊ?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी त्या तक्त्यात जे शोधत होते ते कुठल्याच कंपनीच्या तक्त्यात छापलेलं नसतं.

आम्ही गाडी घेतली २०२३ च्या पाडव्याला. त्याआधी दोन महिने रोज रात्री जेवणं झाली की घरात व्हेरिएंटचा विषय निघायचा. बेस मॉडेल आम्हाला खरं तर पुरलं असतं. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग होत्या, कारण २०२१ अखेरपासून चालकाशेजारीही ती सक्तीची झाली आहे, आणि एबीएस तर २०१९ पासूनच आहे. म्युझिक सिस्टिम नसती तरी चाललं असतं. अडलं ते सीटपाशी. माझी उंची पाच फूट. बेस मॉडेलमध्ये चालकाची सीट पुढेमागे होते, वरखाली होत नाही. शोरूममध्ये त्या सीटवर बसले तर स्टिअरिंगवरून मला बॉनेटचं टोकसुद्धा दिसेना. विक्रेता मुलगा म्हणाला, उशी घेऊन बसा. पण ब्रेक मारला की उशी सरकते, आणि सीटबेल्ट जिथे बसायला हवा तिथे बसत नाही. सीट वर उचलणारा तो खटका मधल्या व्हेरिएंटमध्ये होता. मागच्या काचेचा वायपर आणि डिफॉगरही तिथेच. पावसाळ्यात कसारा घाटात धुक्यातून ज्याने गाडी काढली आहे त्याला या दोन गोष्टींची गरज समजावून सांगावी लागत नाही.

मला हे आजही खटकतं. सनरूफ वरच्या मॉडेलला ठेवा, चामड्याची सीट ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण कमी उंचीच्या बाईला समोरचा रस्ता दिसणं ही पाऊण लाख जास्त मोजून मिळायची गोष्ट कशी होते? तक्ता नीट पाहिला की लक्षात येतं, जी वस्तू सगळ्यांना लागते ती बहुतेक वेळा एक पायरी वर ठेवलेली असते. तुम्ही त्या एका वस्तूसाठी वर चढता आणि तिच्याबरोबर न मागितलेल्या आठ वस्तूंचे पैसे भरता.

मधल्यातून टॉपला जायचं का, हा पुढचा प्रश्न. एक्स-शोरूम किमती होत्या ९ लाख २० हजार आणि १० लाख ३० हजार. फरक एक लाख दहा हजारांचा. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. आपल्याकडे वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स लागतो, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के, आणि तो वाढीव टक्का दहा लाखांच्या वरच्या रकमेवर नाही, सगळ्या किमतीवर. म्हणजे मधल्या मॉडेलला १ लाख १ हजार २००, टॉपला १ लाख २३ हजार ६००. शिवाय दहा लाखांच्या वर गेलं की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घ्यायचा आयकर, १० हजार ३००. तो पुढे आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच. किंमत वाढली की विम्याचा हप्ताही वाढतो. एक लाख दहा हजारांचा फरक गाडी रस्त्यावर येईपर्यंत दीड लाखाच्या घरात गेला. आम्ही मधलं घेतलं.

आता हे गणित बदललं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नुसती तेवढी कपात धरली तरी आमच्या वेळचं टॉप मॉडेल साडेनऊ लाखांच्या आत येतं. दहा लाखांची रेघ ओलांडत नाही, त्यामुळे रोड टॅक्स ११ टक्केच आणि टीसीएसही नाही. हे ऐकून स्टाफरूममधल्या बाईंनी तक्त्यातल्या सर्वांत उजव्या रकान्यावर बोट ठेवलं.

कोटेशनबद्दल थोडंच सांगते. विमा डीलरकडूनच घ्यायला हवा असा नियम नाही. थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम काढावाच लागतो, २०१८ च्या सप्टेंबरपासून तसं आहे, पण तो कुणाकडून काढायचा हे आपण ठरवायचं. 'हँडलिंग चार्जेस' या नावाची साडेआठ हजारांची एक ओळ होती. अण्णांनी शांतपणे विचारलं, "हे कशाचे, बाळा?" तो मुलगा आत जाऊन आला आणि त्याने ती ओळ खोडली. एक्सटेंडेड वॉरंटीचे तेरा हजार मात्र अण्णांनी हौसेने भरायला लावले. तीन वर्षं कंपनीची, वर दोन वर्षं विकतची. "पाच वर्षं कुणीतरी जबाबदार असणार," ते म्हणाले.

पाडव्याला शोरूममध्ये नारळ फुटला, लाल कापड ओढलं, फोटो निघाला. तिथून थेट नवश्या गणपतीला. येताना अण्णा पुढे बसले होते आणि त्यांनी रेडिओ लावू दिला नाही. त्यांना इंजिन ऐकायचं होतं.

अण्णांनी सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढली. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, अशी त्यांची मशीन तपासायची रीत. लहानपणी घरातल्या पंख्याला ते असं ऐकताना मी पाहिलं आहे. त्यांच्या खात्यात एक ब्रेकडाउन रजिस्टर असायचं. त्यात पहिला रकाना ऑपरेटरच्या तक्रारीचा. अण्णांचा दंडक असा की तो रकाना ऑपरेटरच्याच शब्दांत भरायचा. तो म्हणाला 'मशीन दुपारनंतर रडतंय', तर 'दुपारनंतर रडतंय' असंच लिहायचं, 'व्हायब्रेशन' लिहायचं नाही. कारण दुपारनंतर म्हणजे तापल्यावर, आणि रडतंय म्हणजे घासतंय. व्हायब्रेशन लिहिलं की दोन्ही खुणा पुसल्या गेल्या.

डिसेंबरमध्ये आवाज सुरू झाला. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान पेपरात पहिल्या पानावर यायला लागलं की नाशिकची थंडी पक्की झाली समजायची. मी सकाळी पावणेसातला इंदिरानगरमधून निघते. सोसायटीच्या फाटकाबाहेर डावीकडे वळलं की लगेच स्पीडब्रेकर आहे. डावं चाक त्यावर चढलं की खालून आवाज यायचा, कट्. एकदाच, कोरडा, सुपारी फोडल्यासारखा. पुढच्या वळणावर परत. मुंबई नाक्याला उड्डाणपुलावर चढेपर्यंत गायब. दुपारी घरी येताना त्याच स्पीडब्रेकरवर काही नाही.

दुसऱ्या फ्री सर्व्हिसला मी हे सगळं सर्व्हिस ॲडव्हायझरला सांगितलं. थंड गाडी, सकाळची वेळ, डावं वळण, एक चाक स्पीडब्रेकरवर, पहिले दोन-तीन किलोमीटर. तो मुलगा टॅबवर टाइप करत होता, मान डोलावत होता. संध्याकाळी गाडी आणायला गेले तेव्हा जॉबकार्डाची, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम लिहिलेल्या कागदाची, प्रत हातात आली. माझ्या तक्रारीच्या जागी लिहिलं होतं, 'फ्रंट साइड नॉइज'. त्यापुढे, 'टेस्ट ड्राइव्ह घेतली, ओके'. टेस्ट ड्राइव्हची वेळ दुपारी अडीचची.

(फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फुकट, एवढंच. ऑइल, फिल्टर यांचे पैसे पडतात. आणि समोरचा विचारतोच, एसी क्लीनिंग करून टाकू का, अंडरबॉडी कोटिंग करू का. नाही म्हटलं तरी चालतं, सर्व्हिसच्या वेळापत्रकात नसलेलं काम टाळल्याने वॉरंटीला काही होत नाही. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर सोळाशे रुपये वाचले असते.)

दुसऱ्या खेपेला ग्रीसिंग केलं. दोन सकाळी आवाज आला नाही, तिसऱ्या सकाळी आला. तिसऱ्या खेपेला सांगितलं, सस्पेन्शनचे बुश गेलेत, पण मॅडम, ते रबर पार्ट आहेत, वॉरंटीत येत नाहीत. एस्टिमेट ४ हजार ६००. गाडी घेऊन दहा महिने झाले होते.

त्या काळात मी ज्याला त्याला विचारत सुटले होते. वरच्या मजल्यावरच्या काकांची खिडकीची मोटर बंद पडली होती, काच अर्ध्यात अडकलेली. त्यांना अर्ध्या दिवसात नवी मोटर मिळाली, एक पैसा न देता, आणि तेही त्याच सर्व्हिस स्टेशनात. पिंपळगाव बसवंतला माझा मावसभाऊ आहे, त्याने सनरूफवालं टॉप मॉडेल घेतलं. द्राक्षांच्या हंगामात गाडी पॅकिंग शेडशेजारी उभी असायची, उंदरांनी वायरिंग कुरतडलं. उंदीर वॉरंटीत बसत नाही, अकरा हजार पदरचे गेले. आमच्या शाळेतल्या क्लार्कभाऊंनी बेस मॉडेल घेऊन बाहेरून म्युझिक सिस्टिम आणि रिव्हर्स कॅमेरा बसवला. बसवणाऱ्याने कपलर न लावता मूळ वायरी सोलून जोड दिला. वर्षभराने सेंट्रल लॉक बिघडलं, आणि क्लेम नामंजूर झाला, कारण हार्नेस, म्हणजे मूळ वायरींचा जुडगा, कापलेला. व्हेरिएंट खालचं घेऊन वाचवलेले पैसे असे वॉरंटीतून परत जाऊ शकतात हे त्यांच्याकडून कळलं. बाहेरून काही बसवायचं असेल तर मूळ वायरीला चाकू लागू द्यायचा नाही.

हे सगळं ऐकताना मला एक गोष्ट दिसायला लागली. जो बिघाड डोळ्यांना दिसतो त्याला वॉरंटी पटकन लागू होते. अडकलेली काच कुणीही बघतो, तिचा फोटो काढता येतो, कंपनीला पाठवता येतो. जो बिघाड फक्त मालकाला ऐकू येतो, तोही ठरावीक वेळेलाच, त्याचा पुरावा मालकाच्या शब्दांशिवाय दुसरा नसतो. आणि ते शब्दच टॅबवर चढताना गळून जातात.

पाथर्डी फाट्याजवळ आमच्या ओळखीचं गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रींनी गाडी हलवून, कान लावून पाच मिनिटांत सांगितलं, "ताई, बुश नाही, लिंक रॉड वाटतोय, सस्पेन्शनचा जोडदांडा. पण मी हात लावणार नाही. नट खोलल्याची खूण दिसली तर तुम्हालाच ऐकवतील." त्यांची भीती खोटी नव्हती. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणं, बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल असं बजावणं, यावरूनच स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २ हजार ५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. आमच्या मिस्त्रींचे हात मात्र अजून बांधलेलेच आहेत.

कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं की आपली तक्रार संबंधित डीलरकडे पाठवण्यात आली आहे. म्हणजे मी जिथून निघाले तिथेच. ग्राहकाच्या मनात डीलर म्हणजेच कंपनी असते, पाटी एकच, गणवेश एकच. कायदा तसं धरून चालत नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात डीलरने २००९ ची गाडी २०११ ची म्हणून विकली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की डीलर आणि कंपनी यांच्यातला करार दोन स्वतंत्र धन्यांचा असेल तर डीलरच्या चुकीसाठी कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही. हे वाचल्यावर मी ईमेल बाजूला ठेवला आणि डीलरच्या दारातच उभं राहायचं ठरवलं. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता होता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, त्यापुढेही ती किरकोळच, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या हेल्पलाइनवरही बोलता येतं. माझ्यावर ती वेळ आली नाही, ती अण्णांमुळे.

अण्णा म्हणाले, "त्यांना आवाज ऐकायला मिळालेला नाही. आजारी माणूस बरा असताना डॉक्टरकडे नेऊन काय उपयोग? गाडी रात्री तिथेच ठेवू. सकाळी थंड असताना त्यांच्यासमोर चालवू."

ॲडव्हायझरने आधी नाही म्हटलं, मग मॅनेजरला विचारून हो म्हटलं. संध्याकाळी अंबडला गाडी सोडली. या वेळी जॉबकार्ड होताना अण्णा काउंटरवर वाकून उभे होते. "बाळा, ती म्हणते तसं लिही. थंड गाडी. सकाळी सात. डावं वळण, डावं चाक वर." त्या मुलाने खोडून परत लिहिलं. सगळं लिहिलं. मग प्रत काढली आणि अण्णांनी ती चष्मा लावून वाचली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता आम्ही पोचलो तेव्हा काचांवर दव होतं. ॲडव्हायझर आला होता, आणि कानटोपी घातलेले एक वयस्कर टेक्निशियन. मी चालवायला, ते शेजारी, अण्णा मागे. फाटकातून बाहेर, डावीकडे, एमआयडीसीच्या रस्त्यावरचा पहिला स्पीडब्रेकर. कट्.

टेक्निशियननी काही न बोलता हात वर केला. मी थांबले. "एकदा मागे घ्या, परत." कट्. त्यांनी मान मागे वळवून अण्णांकडे पाहिलं, आणि अण्णा म्हणाले, "लिंक?" ते म्हणाले, "लिंकच, काका."

गाडी लिफ्टवर चढली. डावीकडच्या लिंक रॉडच्या वरच्या बॉल जॉइंटचं रबरी टोपण एका बाजूने चिरलेलं होतं, बोटाच्या पेराएवढं. आतलं ग्रीस धुळीने काळं आणि घट्ट झालेलं. बुश चारही शाबूत होते. आम्ही ते ४ हजार ६०० भरले असते तर चांगले बुश निघाले असते आणि आवाज राहिला असता.

पार्ट यायला सतरा दिवस लागले. क्लेमसाठी फोटो काढले, किलोमीटर नोंदवले. बदलायला अर्धा तासही लागला नाही, आणि बिल शून्य. मी टेक्निशियनना विचारलं, हे पहिल्याच वेळी का नाही झालं. ते ओशाळले नाहीत, सरळ बोलले. "मॅडम, लिंक बदलायला किती वेळ द्यायचा ते कंपनीने ठरवलेलं असतं, तेवढे पैसे वर्कशॉपला मिळतात. आवाज शोधायला दोन तास गेले तर ते दोन तास कुणाच्या नावावर टाकायचे? दिवसाला गाड्या मोजतात आमच्या." मला त्यांचा राग आला नाही. राग आला त्या मोजणीचा, ज्यात ऐकून घेण्याला वेळच धरलेला नाही. आम्ही एक्सटेंडेड वॉरंटीचे तेरा हजार भरले ते कशाचे, तर पार्ट आणि मजुरीचे. ऐकून घेणं त्यात नव्हतं, आणि त्याच्याशिवाय बाकी दोन्ही आमच्या वाट्याला येत नव्हतं.

निघताना अण्णांनी जुना लिंक रॉड मागितला. ॲडव्हायझर म्हणाला, "काका, देता येत नाही, टॅग लावून ठेवावा लागतो. कंपनीचा माणूस येऊन बघतो." अण्णा म्हणाले, "नको देऊ. हातात घेऊन बघतो फक्त." त्यांनी तो वीतभर लोखंडी दांडा डाव्या हातात धरला, उजव्या अंगठ्याने बॉल जॉइंटची खिळी हलवली. चांगल्या जॉइंटमध्ये ती जोर लावूनच हलते. ही सैल होती. त्यांनी तो कानाजवळ नेला आणि परत हलवली. मग माझ्या कानाजवळ धरला. बारीक आवाज होता, पण तोच होता. मग त्यांनी खिशातल्या रुमालाने दांडा पुसला आणि टॅग वर येईल असा काउंटरवर ठेवला.

तीन वर्षांची वॉरंटी या पाडव्याला संपली, आता विकतची सुरू आहे. तो ॲडव्हायझर अजून तिथेच आहे. मागच्या सर्व्हिसला मी बोलायला लागले तसा त्याने टॅब माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच लिहा, मी खाली आमच्या भाषेत लिहितो." मी एसीबद्दल दोन ओळी लिहिल्या. दोन्ही तशाच छापून आल्या.

स्टाफरूममधल्या बाईंचं मी घरी सांगितलं. टॉप की मधलं, असं विचारतायत म्हटलं. अण्णांनी ब्रोशरचा फोटो पाहिला, सीट वरखाली होते का तेवढं तपासलं, आणि फोन परत दिला. "शोरूममध्ये नंतर जाऊ दे. आधी त्यांचं सर्व्हिस स्टेशन बघायला ने. काउंटरपाशी तासभर बसा." मी म्हटलं, शनिवारी शाळा लवकर सुटते, दुपारी जाऊ. ते म्हणाले, "दुपारी गाड्या न्यायला येतात. सोडायला सकाळी येतात. आपल्याला सोडणारी माणसं काय सांगतात आणि पलीकडचा काय लिहितो ते बघायचंय." मग रविवार ठरला. साडेआठला उघडतं. अण्णांनी सव्वाआठची वेळ दिली आहे, आणि बाईंना स्वेटर घालून यायला सांगितलं आहे.